साडेचारशे कोटी आणि एक जून

भूगर्भशास्त्राच्या डिपार्टमेंटमध्ये दगड जमतात, तसे किस्सेही. दगडांना निदान लेबलं लावून कपाटात ठेवता येतं. किस्से टेबलावर, चहाच्या कपात, कुठेही सापडतात!

अंधेरीतल्या आमच्या कॉलेजात डिपार्टमेंट म्हणजे तीन माणसं. मालवणहून येऊन मुलुंडकर झालेले परब सर, लॅब सांभाळणारे वेसाव्याच्या कोळीवाड्यातले हरेश्वरमामा आणि मी. परब सरांचा आवडता विषय एकच, पृथ्वीचं वय. समोर कोणीही असो, गाडी तिथेच येणार!

*

एकदा सर वर्गात जुनी पद्धत सांगत होते. नद्या समुद्रात मीठ आणतात. मग समुद्रातल्या एकूण मिठाला दरवर्षी येणाऱ्या मिठाने भागा, झालं समुद्राचं वय! उत्तर आलं नऊ कोटींच्या आसपास.

मामा मागे दगडांचे ट्रे पुसत होते. तिथूनच म्हणाले, "सर, आणि मिठागरवाले उपसतात ते? ते वजा केलं का?"

सरांचा खडू हवेतच राहिला. गणितात खोट होती ती नेमकी हीच! मीठ समुद्रातून बाहेरही पडतं.

"मामा, हे कळायला मोठमोठ्या शास्त्रज्ञांना किती वर्षं लागली, माहितीय?"

"त्यांच्या घरी मासे खारवत नसतील, सर!"

*

दुसरी पद्धत सरांनी कॅन्टीनमध्ये शिकवली. पृथ्वी आधी तापलेला गोळा होती. मग ती किती निवली, त्यावरून वय काढायचं. सरांनी प्लेटमधल्या बटाटावड्यात सरळ लॅबचा थर्मामीटर खुपसला, मनातल्या मनात हिशोब केला आणि जाहीर केलं, "दहा मिनिटांपूर्वी तळलाय!"

कॅन्टीनवाले अण्णा कसनुसं हसले. "सकाळी सातचा आहे सर. आत्ता ओव्हनमध्ये फिरवला."

दुसरा कोणी भांडला असता. सर आनंदाने उभेच राहिले! "ऐकलंत काय रे? जुने लोक अस्सेच फसले! पृथ्वीच्या पोटातच तिला गरम ठेवणारं सामान आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हतं!"

पोरं भारावून ऐकत होती. एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, पण हा भोकाचा वडा आता कोण खाणार?"

सरांनीच खाल्ला. दोन पावांबरोबर.

*

गिल्बर्ट हिल कॉलेजपासून जवळ, त्यामुळे पहिली फील्ड ट्रिप तिथेच. वस्तीच्या मधोमध उभा काळाकभिन्न कडा. पायथ्याशी एक मावशी कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी मलाच विचारलं, "काय बघता एवढं?"

"मावशी, हा दगड साडेसहा कोटी वर्षांचा आहे."

"कागद आहे?"

"कागद कसला?"

"आम्ही तीस वर्षं हितं राहतो, तरी झोपड्यांचा सर्व्हेवाला दर टायमाला जुना कागद मागतो. ह्याला बरं नुसतं बघून मानता!"

मी पोरांकडे बघितलं. सगळी वहीत डोकं खुपसून हसत होती.

*

सरांनी मुलुंडला नवा फ्लॅट घेतला, तेव्हा सत्यनारायण घातला. गुरुजी संकल्प सांगायला लागले आणि मला धडकी भरली, कारण त्यात कल्प आणि मन्वंतर येतात. सर गप्प बसणार थोडेच!

"गुरुजी, हा कल्प सुरू होऊन वर्षं किती झाली?"

"दोनशे कोटींना थोडी कमी."

"म्हणजे निम्मीसुद्धा नाहीत! पृथ्वी साडेचारशे कोटींची आहे."

"कशावरून?"

"इथले अगदी पहिले खडक उरलेच नाहीत. म्हणून आकाशातून पडलेल्या उल्का तपासल्या. युरेनियमचं हळूहळू शिसं होतं. ते किती झालं, त्यावरून."

गुरुजींनी शांतपणे पळीभर पाणी सोडलं. "म्हणजे तुमचंही वरूनच आलंय की! नमस्कार करा."

सरांनी केला!

*

आता मामांचा किस्सा. रिटायरमेंट जवळ आली आणि मामा एकदम गप्प झाले. कागदावर त्यांची जन्मतारीख एक जून. शाळेत घालताना मास्तरांनी अंदाजाने टाकलेली. "सर, मी खरा दोन वर्षांनी तरी लहान असेन. धाकटीचं कॉलेज व्हायचंय अजून."

परब सर पेटले. "मेल्या, आधी नाय सांगायचंस? पृथ्वीचा काढतंव, तुझा नाय काढूचा?"

रविवारी आम्ही दोघं वेसाव्याला मामांच्या घरी गेलो. त्यांची आई ओट्यावर सुपात सुकट निवडत बसली होती. नव्वदीची असेल. सरांनी वही उघडली. मोठं वादळ कधी, नवी होडी कधी, थोरल्या मुलीचं लग्न कधी! म्हातारीने एकेक गोष्ट घडाघडा सांगितली. सरांनी बेरीज केली, खोडली, पुन्हा केली. मग मला वही दाखवली.

मामा लहान नव्हते. एक वर्षाने मोठेच निघाले!

सरांनी वही मिटली. "पुरावा अपुरा आहे, मामा. एक जूनच राहू दे."

मामा आधी हिरमुसले. मग आईने सांगितलेलं बोटांवर मोजून बघितलं आणि खो खो हसत सुटले. "म्हंजे सर, नोकरीचं एक वर्ष जास्तीचंच मिळालं की!"

म्हातारीने सरांना चहा दिला, पुन्हा सूप पुढ्यात ओढलं आणि विचारलं, "तू काय काम करतंस रं, बाला?"

"आजी, मी पृथ्वीचं वय काढतो."

"धरतीचा?" म्हातारीने सुपातून मान वर केली. "मंग तिच्या आयशीला इचारलंस का?"