बाबांचं खाकरणं

माझ्या ताईला कचरा सहन होत नाही. टेबलावर कपाचा गोल डाग दिसला तरी तिचं डोकं फिरतं. यंत्रांना शिकवण्याचं तिचं कामही तसलंच. ती म्हणते, त्यात शिकवणं थोडं आणि निवडणं-पाखडणं फार. यंत्रापुढे जे ठेवाल तेच ते शिकतं. हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

वर्षाच्या सुरुवातीला तिनं बाटल्यांच्या एका कारखान्याचं काम घेतलं. पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्यांतली तडकलेली बाटली कॅमेऱ्यानं ओळखायची. तडा कुठला आणि नुसता ओरखडा कुठला, हे तिथल्या तीन बायकांनी महिनाभर शेजारी बसून तिला दाखवलं. यंत्र शिकलं आणि बायकांना घरी पाठवलं. "ज्यांच्याकडून शिकलीस त्यांच्याच पोटावर पाय दिलास," मी म्हणालो. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्यानंतर ती रविवारी चित्रकलेच्या वर्गाला जाऊ लागली. मन रमत नव्हतं म्हणून असेल.

आमचे बाबा गाडी चालवायला शिकवायचे. तीस वर्षं शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून त्यांचे केस पांढरे झाले होते. त्यांना प्रत्येक वाक्याआधी खाकरायची सवय. घरी आले की बेल वाजवत नसत, दाराबाहेर खाकरत. आई आतून "आले" म्हणायची आणि दार उघडायची.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं, बाबांच्या घशात गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. हातात पाच आठवडे होते. ताईनं ठरवलं की बाबांचा आवाज यंत्राला शिकवायचा. मग बाबा टाइप करतील आणि यंत्र त्यांच्या आवाजात बोलेल. "आवाज कुठं जात नाही, आई," असा तिनं शब्दच दिला.

तिच्या खोलीत खिडकीवर जाड पांघरुणं टांगली, माइक लावला. बाबा रोज तासभर कागदावरची वाक्यं वाचायचे. मध्येच कंटाळून, खाकरून, "क्लच हळू सोड, अगं हळू!" असं ओरडायचे आणि स्वतःच हसायचे. संगणक आवाजाचं चित्र दाखवतो: डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर स्वराची उंची, जिथे जोर तिथे काळं. पहिल्या दिवशीच्या वाक्याचं तसलं चित्र ताईनं शाईनं मोठ्या कागदावर हुबेहूब उतरवलं आणि भिंतीला लावलं. सुरुवातीला जाड काळा पट्टा होता. ते खाकरणं.

मग तिनं साफसफाई काढली. प्रत्येक खाकरणं, अडखळणं, हसणं कापून टाकलं. स्वच्छ झालेलं वाक्य बाबांना ऐकवलं, तर ते म्हणाले, "वा! सुंठीवाचून खोकला गेला की!" आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. संगणकातली जागा भरत आली तशी तिनं मूळ फायली पुसून टाकल्या. कामावरही ती तेच करायची.

ऑपरेशन झालं. घरी आल्यावर बाबांनी पहिल्यांदा टाइप केलं आणि यंत्र बोललं, "चहा मिळेल का?"

आईनं वळून पाहिलं. "हे कोण बोलतंय?"

"बाबाच गं."

"यांचा नाही हा आवाज. बातम्या वाचणारा कुणीतरी आहे."

बाबांनी आणखी दोन-तीन दिवस खटपट केली, बहुधा ताईसाठीच. मग ते यंत्र कपाटावर ठेवलं आणि पाटी-खडू घेतला. आम्ही फोनमधले जुने व्हिडिओ धुंडाळले. पण कॅमेरा दिसला की बाबा तोंड मिटून उभे राहायचे.

"मी त्यांनाच कचऱ्यात टाकलं रे," ताई म्हणाली.

"हो, टाकलंस," मी म्हणालो. असं बोलायला नको होतं. जीभ आवरली नाही, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

ऑक्टोबरमध्ये बाबा गेले.

वर्ष संपायला आठवडा उरला असताना ताईनं भिंतीवरच्या त्या चित्राचा फोटो काढला. चित्रातून उलटा आवाज तयार करायचा, असं तिच्या मनानं घेतलं होतं. दुपारची वेळ होती. मी तिच्या पलंगावर बसलो होतो आणि आई स्वयंपाकघरात भांडी घासत होती. ताईनं बटण दाबलं. शब्दांचं नुसतं पिठलं झालं होतं, एकही कळला नाही. पण त्याआधी तो जाड पट्टा वाजला. घोगरा, रुंद, एकच.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"आले," आई म्हणाली.

पदराला हात पुसत ती ताईच्या खोलीवरून पुढे गेली. कडी सरकल्याचा आवाज आला. ताईनं माझा हात धरला. आम्हा दोघांपैकी कुणीच उठलं नाही. दार पुन्हा लागल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.