आरास आणि नेट

म्हैसुरात दसऱ्याच्या दिवसांत कुणाला काम सांगायला जाऊ नये. नळवाला सासुरवाडीला, वायरमन मिरवणुकीच्या मांडवात, आणि चुकून जो सापडेल तो "सण होऊ दे अम्मा, मग बघतो" म्हणून मोकळा. चंद्रकलेच्या लॅपटॉपचं नेट नेमकं ह्याच दिवसांत जायला लागलं.

बरं, जायचं तर एकदाचं जावं, माणूस रडून मोकळा होतो. हे यायचं, जरा टेकायचं आणि बोलता बोलता निघून जायचं. पडद्यावरच्या माणसाचं तोंड उघडं ते उघडंच राहायचं.

चंद्रकला पंचेचाळिशीची, आणि त्यातली निम्मी वर्षं तिने परक्यांच्या तक्रारी ऐकण्यात घालवलेली. परदेशातली माणसं इस्पितळाच्या बिलांवरून फोनवर तणतणतात. त्यांचं ऐकून घ्यायचं, माफी मागायची आणि काहीतरी मार्ग काढायचा, हे तिचं काम. शिव्या देणाऱ्यालाही ती "तुमचा दिवस चांगला जावो" म्हणते, आणि फोन संपला की गार झालेली कॉफी पिते. आधी हे सगळं बंगळूरच्या ऑफिसात बसून चालायचं. उन्हाळ्यात सासू कावेरम्मा न्हाणीघरात पडल्या, खुबा मोडला. नवरा रघुनंदन बँकेच्या बदलीवर कलबुर्गीला. मग साहेबांच्या हातापाया पडून तिने घरून काम करायची परवानगी काढली, म्हैसूरच्या सासरघरी येऊन राहिली आणि नेट बसवून घेतलं. परवानगीला अटी होत्या. खोलीचं दार बंद हवं, दुसऱ्या कुणाचा आवाज नको, मोबाईलवरून नेट घ्यायचं नाही, आणि कॉल तुटता कामा नये.

आता तो रोज तुटत होता. तिचा साहेब प्रवीण तिच्याहून पुष्कळ लहान, पण पोरगा बरा होता. बुधवारी त्याचाही नाइलाज झाला.

"चंद्रकला मॅडम, मला जमलं तेवढं मी सांभाळलं. शुक्रवारी दुपारी वरचे लोक तुमचा कॉल ऐकायला बसणार आहेत. तो तुटला तर सोमवारपासून इथे या."

सोमवारपासून तिथे, म्हणजे कावेरम्मा इथे एकट्या. काठी धरून चार पावलं टाकणारी बाई, आणि न्हाणीघर तेच. नोकरी सोडावी, तर रघूच्या एकट्याच्या पगारात दोन बिऱ्हाडं भागत नव्हती. चंद्रकलेला रडूसुद्धा येईना, इतकी ती दमली होती.

तिने करायचं ते सगळं केलं होतं. लॅपटॉप बंद करून चालू केला. वायफायचं नाव पुसून पासवर्ड पुन्हा घातला. नेटच्या कंपनीला फोन लावला, तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, एकदा बंद करून चालू करता का?" चंद्रकला म्हणाली, "केलं गं बाळा. आणि तू माफी मागू नकोस, मीपण हेच काम करते." मुलीने तरीही माफी मागितली, आणि सणानंतर माणूस पाठवायचं कबूल केलं.

बाहेरच्या खोलीतून कावेरम्मांचं चालूच होतं. "तुझ्या त्या यंत्राला दृष्ट लागलीय. मिरच्या ओवाळू का?"

"तेवढंच राहिलंय, अत्ते. ओवाळा."

"नवऱ्याकडे कधी इतकं टक लावून बघितलं नाहीस."

"तो इतक्यांदा गेला नाही, अत्ते."

कावेरम्मा हसल्या. पडल्यापासून त्या हसायच्याच बंद झाल्या होत्या. भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. नवरात्र आलं तशा मात्र उठून बसल्या. म्हैसुरात नवरात्र म्हणजे घरोघर बाहुल्यांची आरास, आणि कावेरम्मांची आरास गल्लीत नावाजलेली. खुर्चीत बसून त्यांनी हुकूम सोडले आणि चंद्रकलेने राबून ती मांडली. भांड्यांनी भरलेल्या पत्र्याच्या ट्रंका एकावर एक रचून पायऱ्या केल्या, त्यावर पांढरं धोतर अंथरलं. "डावीकडे घे. तुझं डावं नव्हे, माझं!" कोपऱ्यात नेटचा डबा लुकलुकत होता. देवासमोर तो बरा दिसेना, म्हणून तोही कावेरम्मांच्या सांगण्यावरून ट्रंकांच्या मागे गेला. सगळ्यात वरच्या पायरीवर कलशाशेजारी रक्तचंदनाची राजाराणी बसली. कावेरम्मांना लग्नात माहेरहून मिळालेली ती जोडी. एकदा कलश बसला की दसऱ्यापर्यंत आरास हलवायची नाही. दसऱ्याला राजाराणीला आडवं करून झोपवायचं, मगच बाकीच्या बाहुल्या उतरायच्या. त्यात कधी खंड पडला नव्हता.

गुरुवारी चंद्रकला लॅपटॉप घेऊन फयाजच्या दुकानात गेली. तिथे तो एकदाही अडला नाही.

"ह्याला काही झालेलं नाही अक्का," फयाज म्हणाला. "घरातच मध्ये काहीतरी येत असेल. नवीन कपाट वगैरे घेतलंत का?"

"कपाट कुठलं घेते!" म्हणत ती घरी आली. दाराशीच तिने लॅपटॉप उघडला आणि हातावर धरून बाहेरच्या खोलीतून चालत निघाली. आराशीच्या बाजूला नेटच्या रेघा भरलेल्या होत्या. ट्रंका ओलांडून ती आपल्या खोलीकडे वळली, तशी एकच रेघ उरली. ती मागे आली, पुन्हा गेली. मग तिथेच उभी राहिली. पत्र्याच्या पाच ट्रंका, आत पितळेची भांडी, आणि त्यांच्यामागे तो डबा. तिने स्वतःच्या हाताने रचलेली भिंत ती!

"काय झालं गं?" कावेरम्मांनी खुर्चीतून विचारलं. "आरतीसारखी काय फिरवतेयस?"

तिने सासूकडे पाहिलं. केसांत मोगरा माळून बसली होती म्हातारी, संध्याकाळी आरास बघायला आणि प्रसादाची उसळ घ्यायला येणाऱ्या बायकांची वाट बघत. डबा काढायचा तर ट्रंका हलवायच्या, म्हणजे आरास मोडायची. दसरा रविवारी, कॉल उद्या.

"काही नाही अत्ते. झालंय नीट," चंद्रकला म्हणाली आणि आत गेली. तिने प्रवीणला फोन करून कॉलसाठी सोमवारची मुदत मागितली. त्याने दिली नाही. सासूला सांगायचं मात्र तिच्या जिवावर आलं.

शुक्रवारी दुपारी दार लावून ती बसली. वरचे लोक ऐकत होते, एक परदेशी बाई बिलावरून चिडली होती, आणि बोलणं रंगात येतं न येतं तोच नेट गेलं. परत जोडलं तेव्हा तिने प्रवीणच्या विनवण्या केल्या. त्याचा पडलेला आवाज आला. "मॅडम, आणखी एकदा तुटलं तर मी काही करू शकणार नाही."

ती बाई पुन्हा भांडायला लागली. तेवढ्यात बाहेरून भांड्यांचा आवाज आला. मग काहीतरी फरशीवरून ओढल्यासारखं खरखरलं. अत्ते पडल्या की काय? पण उठायची सोय नव्हती. परक्या बाईचं ऐकत, माफी मागत ती बसून राहिली, आणि तिच्या डोळ्यांदेखत एका रेघेच्या दोन झाल्या, दोनाच्या चार झाल्या. बाहेरचा आवाज थांबला. कॉल शेवटपर्यंत चालला. परदेशी बाई चक्क आभार मानून गेली. प्रवीण म्हणाला, "झालं मॅडम! आता तिथेच राहा."

चंद्रकला धावतच बाहेर आली.

आरास मोडली होती. बाहुल्या खाटेवर दाटीवाटीने ठेवलेल्या, भांडी जमिनीवर, एक ट्रंक आडवी ओढलेली. नेटचा डबा ट्रंकेवर लुकलुकत होता. कावेरम्मा फरशीवर पाय पसरून भिंतीला टेकल्या होत्या, काठी हाताला लागणार नाही इतकी लांब पडलेली. मांडीवर राजाराणी आडवी निजवलेली, वर पदर घातलेला.

"पडलात? अत्ते, लागलं का?"

"पडले नाही. बसले, ते उठताच येईना."

"मग हाक नाही का मारायची?"

"दुसऱ्याचा आवाज यायला नको होता ना तुझ्या फोनात," कावेरम्मा म्हणाल्या. "काल तू नुसती ट्रंकांकडे बघत उभी राहिलीस. तुला वाटलं, म्हातारीला काही कळत नाही. आज परत त्या साहेबाच्या हातापाया पडताना ऐकलं. राहिलीस ना इथे?"

"राहिले," चंद्रकला म्हणाली, आणि इतक्या दिवसांचं रडू तिला तिथे आलं. सासूला उठवायचं सोडून ती तिच्याच शेजारी फरशीवर बसली. दोघींच्याही अंगात उठायचं त्राण नव्हतं.

"आता बायका येतील," चंद्रकला म्हणाली. "दसऱ्याआधीच राजा निजलेला बघून शेजारची गिरिजम्मा काय म्हणेल? काय सांगू त्यांना?"

कावेरम्मांनी राजाच्या अंगावरचा पदर सारखा केला.

"सांग, यंदा लवकर दमला."