राईतल्या लाकडाचा कौल

त्या दिवशी देवळात आमी पाच जनं हुतो. मी, माझा धाकटा भाऊ दत्तू, देवीचा गुरव नाना, गावचं पाटील, आन् आमच्या शेजारची धोंडूबाई. त्यातली तिगं आता न्हाईत, म्हनून म्हटलं लिवून ठिवावं. मी तिसरी शिकल्याली बाई, जसं बोलते तसंच लिवते.

आमचं गाव राधानगरीच्या वरल्या अंगाला, जंगलाच्या कडंला. मालक लवकर गेलं, पदरात पोर न्हाय, मी माहेरी येऊन रानात राबून खात हुते. एकाहत्तरची लढाई सपली आन् दत्तू मिल्ट्री सोडून घरी आला. पंधरा वर्सं सीमंवर काढल्याली. लगीन न्हाय, काय न्हाय. संगतीची लई पोरं तिकडंच ऱ्हायली, ह्यो तेवढा आला. पर कसा आला? चार मानसं घरात आली की मागच्या दारानं भाईर जायचा. डोळ्याला डोळा म्हून लागायचा न्हाय. पाठ टेकली की दचकून उठायचा. असं म्हयनं गेलं. मी देवीला म्हनायची, आई, माझा भाऊ धाडलास, पर अर्दाच धाडलास. माझा इस्वासच उडत चालला हुता. दिवा लावायची, पर हात जोडायचं मन व्हायचं न्हाय.

मंग एक दिस दत्तू आपनच म्हनला, "आक्का, वरलं पड रान मला दे. तितं खोप बांधतो. भात लावतो, एक म्हस ठिवतो. पयल्यापासनं सुरू करतो बघ." घरी आल्यापासनं येवढं तो कदी बोलला न्हवता. मी म्हटलं, घे की, बाचंच हाय ते.

खोपीला मदला खांब पायजे हुता. देवीच्या राईत एक झाड उन्मळून पडलं हुतं, ते दत्तूनं तोडून आनलं आन् उभं केलं. आमच्यात राईतली वाळकी काटकी सुदीक कुनी चुलीत घालत न्हाय. पडल्यालं झाड तितंच कुजायचं, ते देवीचं. दत्तूनं गाव सोडलं तवा मिसरूड फुटत हुतं, आन् सीमंवर पडल्यालं लाकूड दिसलं की उचलायचं येवढंच त्येच्या अंगवळनी पडल्यालं. त्येच आठवड्यात धोंडूबाईच्या म्हशीचं रेडकू मेलं. झालं! दारात येऊन वरडाय लागली, "ओ पावणं, तुमच्या मिल्ट्रीत चालत असंल, हितं न्हाय चालायचं! देवीचं लाकूड तुमी घेतासा, आन् मरायचं माझ्या रेडकानं व्हय?"

गावात कुजबूज झाली. पाटील म्हनलं, देवीलाच इचारू. नानानं सकाळी मूर्तीच्या दोनी खांद्यांवर एकेक फूल पान्यानं चिकटवलं. उजवं पडलं तर दत्तूनं गावात ऱ्हायचं, डावं पडलं तर शीव सोडून जायचं. मी दत्तूला इचारलं, "डावं पडलं तर कुटं जाशील रं?" म्हनला, "कुटं बी." आता गेला तर ह्यो परत यायचा न्हाय, हे मला कळत हुतं.

दत्तू गाभाऱ्याफुडं हुबा ऱ्हायला. म्हनला, "आई, चुकलो. लई दमलोय. ठिवायचं तर ठेव, घालवायचं तर घालीव." आन् खांबाला टेकून बसला. आमी बसलो फुलांकडं बघत. ऊन पायरीवनं आत आलं, पार डोक्यावर आलं, तरी एक बी फूल हलंना. नाना घामाघूम. धोंडूबाई पुटपुटत हुती.

आता एक कबूल करते. मी मूर्तीच्या उजव्या अंगाला बसल्याली. मनात आलं, पदरानं जरा वारा घातला तर उजवं फूल पडंल, कुनाला कळनार हाय? मी पदराचं टोक हातात धरलं. तवर माझ्या मागं घोरल्यागत आवाज आला. वळून बघते तर दत्तू निजल्याला. मान एका अंगाला, तोंड उगडं, लहानपनी निजायचा तसा.

पाटील त्येला हलवाय उठलं. तर धोंडूबाईच म्हनली, "बसा गप! झाला की कौल."

"अगं, फुलं कुटं पडली?" नाना म्हनला.

"फुलं घाल चुलीत. इतक्या म्हयन्यांनी मानसाला हितं नीज लागली, ती परक्याच्या दारात लागती व्हय? आईनं घेतला त्येला पोटाशी."

नानानं हात जोडलं. पाटील पायरीवर जाऊन बसलं. दत्तू दिस कलंपतूर निजला, आन् कुनी हाक मारली न्हाय. फुलं दुसऱ्या दिवशी पूजंच्या वक्ताला नानानं हातानं काढली. कुठलं पडनार हुतं, हे कुनीच इचारलं न्हाय.

दत्तूनं ते लाकूड परत राईत नेऊन ठिवलं. खोपीला खांब धोंडूबाईनं दिला, तिच्या बांधावरला फनसाचा. वर म्हनली, "पयलं दूध मला आनून द्याचं." त्या पडावर अजून भात हुतंय. दत्तू अजून एकटाच ऱ्हातो, कमीच बोलतो, पर निजतो. मला तेवढं बास हाय. मी पदर धरला हुता, आईला त्येची गरज न्हवती. तवापासनं मी हे दे, ते दे म्हनत न्हाय. तू बघ म्हनते आन् कामाला लागते.

वाचनाऱ्याला येवढंच सांगनं हाय. तुमच्या घरात असं कोन लढाईवनं आलं असंल, तर त्येला तिकडचं काय इचारू नगा. ताट वाढा, आन् त्येचं जेवून हुईपतूर शेजारी बसा.