फॉर्म सी आणि लोहगावचा वरचा मजला

"अर्जात दिलेल्या पत्त्यावरून सदर व्यक्ती निघून गेल्याची घरमालकाची नोंद आहे. सध्याचा पत्ता व फॉर्म सी जोडावा."

सोमवारी सकाळी पोर्टल उघडलं तर हे समोर आलं. अर्ज मर्सीचा होता, आणि तिचा व्हिसा शुक्रवारी संपत होता. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीचा, नीमाचाही.

मी येरवड्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत एक्स्पॅट डेस्क सांभाळते. म्हणजे परदेशातून आमच्याकडे कामाला आलेल्या लोकांचे सरकारी कागद बघते. त्यांचा व्हिसा वाढवायचा असला तर तो संपण्याआधी पोर्टलवर अर्ज करावा लागतो. आणि परदेशी माणूस आपल्या घरात राहायला आला की घरमालकानं चोवीस तासांच्या आत तसं कळवायचं असतं. त्या कळवण्याला म्हणतात फॉर्म सी. भाडेकरूनं घर बदललं तर त्यानंही नोंदणी कार्यालयाला नवा पत्ता द्यायचा. नियम एवढाच, पण पाळायचा राहून जातो.

मर्सी केनियाची. आमच्याकडे टेस्टिंगची टीम चालवायची. मी तिला खाली बोलावलं आणि स्क्रीन दाखवली.

"पण मी तुम्हाला सांगितलं होतं," ती म्हणाली. ती इंग्रजीत बोलायची, मी इथे मराठीत लिहितेय. "लिफ्टमध्ये. विमाननगरच्या मालकानं फ्लॅट सोडायला सांगितला, आम्ही लोहगावला गेलो."

मला आठवलं. तीन महिने झाले होते. मी म्हटलं होतं, 'एक मेल टाकून ठेव.' तिनं मेल टाकला नाही, मी परत विचारलं नाही. अर्ज भरताना जुन्या फाइलमधला पत्ता उचलून टाकला, आणि तिनं न वाचता सही केली. शंका घ्यायला जागाच नव्हती. घोळ माझा होता.

आमचे एचआर हेड निंबाळकर सर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सोपं आहे. आजच तिला कंपनीच्या गेस्ट हाउसला हलवा. तिथून फॉर्म सी भरा."

"आणि मधले तीन महिने? ते विचारतील ना."

"तिथेच होती म्हणायचं. गेस्ट हाउस आपलं, रजिस्टर आपलं."

खरं सांगते, मला ते पटलं होतं. अर्ध्या तासात मिटलं असतं. मी मर्सीला सांगितलं, तर तिनं एकच विचारलं.

"त्या कागदावर सही कोणाची असेल?"

"तुझी."

"मग उद्या कोणी विचारलं तर खोटं मी बोललेले असेन. तुम्ही नाही."

गेस्ट हाउसचा विषय मी तिथेच सोडला. व्हिसा वाढला नाही तर दोघींना देश सोडावा लागणार होता. नैरोबीहून नव्यानं अर्ज करायचा, त्याला किती आठवडे लागतील कोणी सांगू शकत नाही. नीमाची वार्षिक परीक्षा पुढच्या सोमवारपासून होती. पण खोटी माहिती पकडली गेली असती तर भारतात परत यायचं दारच बंद झालं असतं.

मंगळवारी मी मर्सीबरोबर लोहगावला गेले. गाव शहरात आलं तरी मालकीणबाई गावातच राहिल्या होत्या. हौसाबाई, सत्तरीच्या. घरापुढे दोन म्हशी, मागे तीन मजली इमारत. वरच्या मजल्यावर मर्सी आणि नीमा. भाडेकरार नव्हता, सगळं तोंडी.

मी फॉर्म सीचं सांगायला सुरुवात केली. मध्येच त्यांचा मुलगा संतोष आला.

"पोलिसांचा कागद आपल्याला नको मॅडम. वरचा मजला पास नाय."

म्हणजे बांधकामाची परवानगी दोन मजल्यांची होती. तिसरा नंतर चढवलेला.

"हा कागद इमारतीचा नाही," मी म्हटलं. "इथे कोण राहतं, एवढंच त्यात असतं."

"मग महापालिका येणार नाय, असं लिहून देता?"

हो म्हणून टाकावं असं वाटलं होतं. कालच एक खोटं बोलता बोलता राहिले होते.

"नाही देता येणार. ते माझ्या हातात नाही."

"मग झालं," संतोष म्हणाला. हौसाबाई जमिनीकडे बघत होत्या. "बाई, माझा इलाज न्हाई," एवढंच त्या म्हणाल्या.

जिन्यात मर्सीनं विचारलं, "आता?"

"आता मला माहीत नाही," मी म्हटलं. एवढ्या वर्षांत डेस्कवर आलेल्या कोणाला हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकवलं.

बुधवारी साडेनऊला गेटवरून सिक्युरिटीचा फोन आला. "मॅडम, एक आजी आल्यात. नाव सांगत नाहीत. म्हणतात, कागदवाल्या बाईला बोलवा."

हौसाबाई होत्या. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत लाइटबिल आणि आधार कार्ड.

"बिल माझ्या नावावर हाय. पोराच्या न्हाई," त्या म्हणाल्या.

मी त्यांना आत बसवलं. चहा मागवला, त्यांनी हात लावला नाही.

"काल सांजच्याला पोरगी दप्तरात कपडे भरत हुती. म्या म्हनलं, काय गं ह्ये? तर मोडक्या मराठीत म्हनली, आज्जी, आई म्हणते जावं लागंल, मग पुस्तकं कुठं ठिवू? मला काय सांगावं सुधरंना. पंधरा भाडेकरू झालं माझ्याकडं. असं कुनी इचारलं न्हाई."

"आजी, संतोषला माहीत आहे?"

"कळंल त्याला."

कळलं लगेचच. पोर्टलवर घरमालकाची नोंद करताना मोबाइलवर ओटीपी येतो. हौसाबाईंनी दिलेला नंबर संतोषचा निघाला. त्यांनी माझ्या फोनवरून त्याला लावला.

"फोनवर आकडा आलाय, त्यो सांग."

ओटीपीची मुदत स्क्रीनवर कमी कमी होत होती.

"सांगतुस का म्या तिथं येऊ?"

संतोषनं आकडा सांगितला. मग म्हणाला, "आई, मजला पाडला तर?"

"पाडू दे. म्हशी बांधीन तिथं."

घरमालक म्हणून नोंद झाली. फॉर्म सी भरला, आगमनाची तारीख खरी टाकली. लपवायला आता काही नव्हतं. उशीर उघडा दिसत होता. दुपारी पोर्टलवर उत्तर आलं: गुरुवारी अकरा वाजता मूळ कागदांसह प्रत्यक्ष हजर राहावे.

गुरुवारी मर्सी, हौसाबाई आणि मी, अशा तिघी नोंदणी कार्यालयात गेलो. अधिकारी बाई माझ्याच वयाच्या. कागद शांतपणे वाचत होत्या. पहिला प्रश्न मर्सीला नव्हताच.

"आजी, ही तुमच्याकडे कधीपासून राहते?"

"तीन म्हैनं."

"आधी का कळवलं नाही?"

"कुनी सांगितलंच न्हाई, कळवायचं म्हणून. आता ह्या बाईनं सांगितलं."

मग अधिकारी बाई मर्सीकडे वळल्या. "नवा पत्ता का दिला नाही?" मर्सी बोलायला लागली, तोवर मी मध्ये पडले.

"तिनं मला सांगितलं होतं. कार्यालयाला कळवणं माझं काम होतं, राहिलं. अर्जात जुना पत्ताही मीच टाकला."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "हे कंपनीच्या लेटरहेडवर लेखी द्या. आज पाचच्या आत."

निंबाळकर सरांनी पत्र दोनदा वाचलं. "कंपनीच्या लेटरहेडवर स्वतःची चूक छापून घेणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"सर, सव्वाचार झालेत."

"दिसतंय मला. घड्याळ आहे माझ्याकडे." सही केली आणि पेन टेबलावर टाकलं. पत्र पावणेपाचला अपलोड झालं.

शुक्रवारी मी दर दहा मिनिटांनी स्टेटस बघत होते. मर्सी वर मीटिंगमध्ये होती. काय करणार, त्याच दिवशी सॉफ्टवेअरची रिलीज होती. एक वाजता 'प्रलंबित'. तीन वाजता 'प्रलंबित'. नैरोबीच्या विमानाची वेळ मी गुपचूप एका चिठ्ठीवर लिहून ठेवली होती. ती चिठ्ठी ड्रॉवरमध्ये पालथी घातली होती, जणू उलटी ठेवली की विमान उडणार नाही.

चारला दहा कमी असताना स्क्रीन बदलली. मंजूर. वर्षभर मागितलं होतं, सहा महिने मिळाले. सोबत ताकीद: पत्त्यातील बदल यापुढे वेळेत कळवावा. नीमाचंही मंजूर.

मी वर जाऊन काचेतून अंगठा दाखवला. मर्सीनं मीटिंगमध्येच डोळे मिटले, दोन श्वास घेतले आणि पुढची स्लाइड लावली.

नीमानं परीक्षा दिली. सहा महिन्यांनी आम्ही पुन्हा अर्ज केला, तेव्हा पूर्ण वर्ष मिळालं. वरचा मजला अजून उभा आहे, निदान मी हे लिहीपर्यंत. संतोष अजूनही माझ्याशी बोलत नाही. माझ्या फाइलमध्ये या चुकीबद्दलचा एक मेमो आहे. निंबाळकर सरांनी तो स्वतः टाइप केला, त्यात शुद्धलेखनाच्या चार चुका आहेत, मी दाखवलेल्या नाहीत.

नव्यानं डेस्कवर येणाऱ्यांना मी एकच सांगते. चूक झाली तर वेळेत लेखी द्या. लेखी दिलेल्या चुकीचा मेमो होतो. झाकलेल्या चुकीचं विमानाचं तिकीट होतं, आणि ते बहुतेक दुसऱ्याच्याच नावावर निघतं.