बिदाई आणि आरसा नसलेला कॅमेरा

मंडळी, जुना डीएसएलआर ठेवू की मिररलेस घेऊ, हा माझा घोळ तुम्ही महिनाभर ऐकताय. आज चांदूर रेल्वेच्या एका लग्नात मित्राचा मिररलेस वापरून पाहिला. देताना तो म्हणाला, "एकदा वापरून पाय, मंग जुन्याले हात नाई लावशीन."

डीएसएलआरचं बटण दाबलं की आतला आरसा उचलला जातो आणि डोळ्यापुढे क्षणभर अंधार होतो. म्हणजे जो क्षण टिपला, नेमका तोच आपल्याला दिसत नाही. चौदा वर्षं मी लग्नांचे फोटो असेच काढले.

मिररलेसमध्ये तो आरसाच नाही, म्हणून आज बिदाईला अंधार झालाच नाही. नवरीचे वडील रिटायर्ड हेडमास्तर, सकाळपासून सगळ्यांवर ओरडत होते. लेकीने गळ्यात हात टाकले आणि त्यांचा चेहरा पार विस्कटला. मी बटण दाबत राहिलो आणि सगळं पाहत राहिलो. एकही फोटो हलला नाही. कॅमेरा खरंच भारी आहे.

गाडी गेल्यावर ते माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "भाऊ, मी लय रडलो काय?"

"मले नाई दिसलं, सर. त्या टायमाले कॅमेऱ्यात अंधार असते."

हे उत्तर मी कितीतरी बापांना दिलंय. ते निदान अर्धं तरी खरं असायचं. आज पूर्ण खोटं बोललो.

कॅमेरा उद्या परत द्यायचा आहे. मिररलेसवाल्यांनो, किंमत आणि लेन्सचं नंतर बोलू. आधी एवढंच सांगा, इतकं सगळं पाहायची सवय होते का?