मोराच्या पिल्लाची चप्पल

गाठ मारून झाली की नाना ती चिमटीत धरून हिसका द्यायचे आणि समोर जो असेल त्याला म्हणायचे, "वढीसन देख." म्हणजे ओढून बघ. गाठ सुतळीची असो, पिशवीची असो, नाहीतर माझ्या दारावरच्या तोरणाची असो, ओढून बघितल्याशिवाय आपली सुटका नसे. बघितलं की मिशी सारखी करत म्हणत, "मन्ही गाठ शे ती."

तुमच्याही शेजारात असा एखादा असेल, ज्याचे हात कधी गप्प बसत नाहीत. नाना धुळ्याकडचे, आम्ही परभणीचे. सुरतेत सचिन नावाच्या कारखान्यांच्या वस्तीच्या बाजूला एका चाळीत आमच्या खोल्या समोरासमोर होत्या. ते आणि माझे मालक दोघंही एकाच लूमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, कामाला. नानांचं काम सांधायचं. बीमवरचे, म्हणजे मागाच्या मोठ्या रुळावरचे, धागे संपत आले की त्यांना नव्या बीमचे धागे एकेक करून जोडायचे. एखादी गाठ सरकली तर कापडात रेघ उठते, म्हणून गाठ मारायची आणि लगेच ओढायची. मी घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापायची. "मी जोडस, तुम्ही कापतस," असं ते मला चिडवायचे.

चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या भीतीनं गावी पळालेले आम्ही सगळे परत आलो, त्याच्या पुढच्या पावसाळ्यातली ही गोष्ट. चाळीमागच्या गवतात प्लॉट सपाट करायला ट्रॅक्टर फिरला आणि लांडोर उठून गेली. एकच अंडं धड राहिलं होतं. ते नानांनी खांद्यावरच्या रुमालात गुंडाळून आणलं. त्यांच्या बायकोची, माईंची, एक कोंबडी खुडूक बसली होती. तिच्याखाली ते सरकवलं. कोंबडीनं काही हरकत घेतली नाही.

पिल्लू निघालं तेव्हा त्याचा एक पाय मूठ वळावी तसा वळलेला. उभं राहायला गेलं की तोंडावर पडायचं. माई म्हणाल्या, "हाई काही जगत नही." धागा गुंडाळायच्या कोनाचा पुठ्ठा कापून नानांनी नखाएवढा तळवा केला, त्यावर बोटं एकेक करून सरळ केली आणि लूमवरच्याच पॉलिस्टरच्या धाग्यानं बांधली. हाडं कोवळी आहेत तोवर बोटं सरळ झाली तर झाली. मग त्याला मागच्या गवतात सोडायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

पिल्लू थोडं धडपडलं आणि चालायला लागलं. फरशीवर टक टक वाजायचं. अख्खी चाळ बघायला आली. कुणीतरी म्हणालं, "नाना, राष्ट्रीय पक्षी आहे, पोलीस येतील." नाना गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "कोंबडीनंच शे. चप्पल घालस, इतलंच."

कामावर जाताना आणि आल्यावर नाना पिल्लू तळहातावर घेत, ती गाठ चिमटीत धरत आणि हलकेच ओढत. "देखा वैनी, सरकनी नही." मला त्यांच्या हाताचं फार कौतुक वाटायचं.

एका दुपारी माईंनी मला हाक मारली. पिल्लू नानांच्या हातावर आडवं पडलं होतं. पायाचा वरचा भाग टरारून सुजला होता आणि पुठ्ठ्यावरची बोटं काळी पडली होती. धागा कुठे दिसेचना. पिल्लू वाढत होतं, धागा नव्हता. तो मांसात गेला होता आणि वरून कातडी मिटली होती.

"हाई काय व्हयनं?" नानांनी मला विचारलं, जसं काही मला ठाऊक असणार होतं. मग ते नखानं गाठ सोडवायला लागले. सुटेना. शेवटी म्हणाले, "वैनी, कातर आणा."

त्यांनी पिल्लू माझ्यापुढे धरलं आणि कात्रीचं टोक मी आत घातलं. कापलेला धागा खाली पडतो, एवढंच मला आजवर माहीत होतं. पुठ्ठ्याचा तळवा खाली पडला आणि त्याच्याबरोबर बोटंही पडली. रक्तसुद्धा आलं नाही. मी तशीच कात्री धरून बसले. नानांनी तो तळवा उचलून डोळ्यांजवळ नेला. गाठ जशीच्या तशी होती.

"सुटनी नही," ते म्हणाले. मग तळवा खाली ठेवत, "मीच रोज वढू ना." म्हणजे रोज ओढत होतो तो मीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लू कोंबडीच्या पंखाखाली मरून पडलेलं होतं.

त्यानंतर माझे मालक जेवताना सांगू लागले की नाना गाठ मारतात, पण ओढत नाहीत. हात तिथंच थांबतो. कापडावर रेघा उठायला लागल्या. मुकादम आधी समजुतीनं म्हणाला, "काका, गांठ छूटी जाय छे." पुढे पुढे ओरडायला लागला. नाना ऐकून घेत आणि पुन्हा तसंच करत. माझ्या दारावर तोरण बांधायलाही ते परत आले नाहीत, आणि मला बोलवायचा धीर झाला नाही.

दिवाळीला सगळे गावी निघाले. नाना आणि माई मात्र काम सोडून कायमचे निघाले होते. दारात रिक्षा उभी होती. नानांनी वळकटीला दोरी बांधली आणि मागे सरकून उभे राहिले. मला म्हणाले, "वैनी, तुम्ही वढीसन देखा."

मी ओढली. दोरी माझ्या हातात सुटून आली आणि वळकटी रस्त्यावर पसरली. माई गोधड्या गोळा करायला लागल्या. मी पुन्हा दोरी घेतली, गाठ मारली. ती ओढायच्या वेळी नानांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.