साडी घेऊन संगणकाच्या दुकानात

मुलांनो, आजोबांचे जुने फोटो सुधारून तुम्हाला पाठवायचे, म्हणून मला चांगला संगणक हवा होता. सुटे भाग निवडून तो घरीच जोडायचा ठरवला आणि मी कसब्यातल्या एका दुकानात गेले.

तिथल्या बाईंचं नाव मी विचारलं नाही. कुठलाही भाग उचलण्याआधी त्या लोखंडी कपाटाला बोट लावत, अंगातली वीज निघून जावी म्हणून. सगळे भाग बसवायला मला रंगीत दिव्यांची पेटी आवडली, तर म्हणाल्या, "आजी, फोटो करायचेत की आत गणपती बसवायचाय?"

मी सगळ्यात वेगवान प्रोसेसर मागितला.

"मशीन हळू चाललं तर तुम्हाला कळेल. मॉनिटरने रंग खोटा दाखवला तर कळणारही नाही. आधी तो निवडा."

मी पर्समधला आमच्या लग्नानंतरचा फोटो दाखवला. तो पार तांबूस पडला होता.

"यातलं काही अजून घरात आहे?"

"माझी साडी आहे."

"मग उद्या आणा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हात धुऊन माझी मोरपंखी इरकल दारातल्या उजेडात पसरली, तिचा फोटो काढला आणि एकेका मॉनिटरवर लावून पाहिला. जुळला तोच मॉनिटर दिला. प्रोसेसर मात्र साधाच.

घरी संगणक जोडून झाल्यावर साडी मांडीवर घेतली आणि त्या अख्ख्या फोटोवरची तांबूस झाक कमी करत मी रंग जुळवत बसले. साडी जुळली, तसा शेजारी उभ्या आजोबांचा शर्टही आपोआप पिस्ता रंगाचा झाला. तो शर्ट केव्हाच गेला, आणि त्याचा रंग मी विसरले होते. त्या बाईंमुळे तो मला परत मिळाला.